तेराव्या वर्षाचा प्रश्न

विदर्भातील उन्हाळा सरत आला, की जूनच्या अखेरीस नागपुरातील शाळांची कुलुपे निघतात. या दिवसांत मध्यमवर्गीय घरांतून ज्या चर्चा चालतात, त्यांचे विषय ठरलेले असतात. बालवाडीत कोणत्या शाळेत प्रवेश मिळाला, दहावीला कोणत्या शिकवणीचे नाव घेतले जाते, बारावीनंतर पुण्यास पाठवावे की येथेच ठेवावे, यांवर रात्र रात्र खल होतो. आठवीचा विषय मात्र कोणाच्याही तोंडी नसतो. सातवी गेली, नववी यायची आहे, मधले एक वर्ष आपोआप सरेल, अशी सर्वांची समजूत असते. शाळाही पुष्कळदा तसेच समजतात. अनुभवी शिक्षक दहावीला दिले जातात आणि आठवीच्या वाट्याला उरलेले तास येतात.

वस्तुतः शालेय जीवनातील सर्वांत नाजूक वर्ष हेच आहे. आठवीतला मुलगा किंवा मुलगी तेरा वर्षांची असते. कालपर्यंत वडिलांचे वाक्य प्रमाण मानणारे मूल या वर्षी ‘असे का?’ असे विचारू लागते. देवापुढे हात जोडायचे ते का, श्राद्ध कशासाठी, जात म्हणजे काय, शेजारच्या बाकावरील मित्र चर्चमध्ये जातो आणि आपण मंदिरात, यात खरे कोणते, हे प्रश्न त्याच्या मनात याच सुमारास उभे राहतात. राज्य मंडळाच्या आठवीच्या इतिहासात ब्रिटिश राजवट, १८५७ चा उठाव, समाजप्रबोधन आणि स्वातंत्र्यलढा येतो. म्हणजे आपण कोण होतो आणि आपले काय झाले, याची पहिली गंभीर ओळख मुलाला याच वर्षी होते. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये सहा ते चौदा वर्षे ही मर्यादा आखली, तेव्हा आठवी हाच तिचा शेवटचा टप्पा ठरला. ज्यांची शाळा येथेच सुटते, त्यांना मिळालेली शिदोरी तेवढीच.

या वयाचे महत्त्व जगातील एका ख्रिस्ती पंथाने फार पूर्वी ओळखले. तो पंथ म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या विचारांवर उभा राहिलेला ल्यूथरपंथ. ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मनीतील नगरसभांना उद्देशून एक आवाहन लिहिले आणि मुलांसाठी शाळा काढणे हे नगराचे कर्तव्य असल्याचे बजावले. तटबंदी आणि रस्ते यांवर खर्च करणाऱ्यांनी मुलांवर खर्च करताना हात आखडू नये, असा त्याचा रोख होता. धर्मग्रंथ प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत वाचला पाहिजे, या आग्रहातून त्याने बायबलच्या ‘नव्या करारा’चे जर्मन भाषांतर १५२२ मध्ये आणि संपूर्ण बायबलचे १५३४ मध्ये प्रसिद्ध केले. जेथे प्रत्येकाने वाचायचे, तेथे प्रत्येकाला शिकवायचे, हे ओघानेच आले. १५२९ मध्ये त्याने घरातील कर्त्या पुरुषासाठी एक छोटी प्रश्नोत्तरावली रचली. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक धर्मवचनापाठोपाठ, याचा अर्थ काय, असा प्रश्न येतो आणि मुलाने त्याचे उत्तर द्यायचे असते. तो प्रश्न विचारण्याचे काम प्रथम पित्याचे, नंतर शिक्षकाचे.

या परंपरेत साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी दृढीकरणाचा विधी होतो. तान्हेपणी आईबापांनी जो धर्म मुलाच्या वतीने स्वीकारला, तो मुलाने सर्वांसमक्ष, स्वतःच्या तोंडाने, समजून स्वीकारायचा. एकोणिसाव्या शतकात जे जर्मन स्थलांतरित अमेरिकेत गेले, त्यांनी आपल्या चर्चशेजारी शाळा बांधल्या. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनडसारख्या संस्थांनी त्यांचे मोठे जाळे विणले. त्यांतील पुष्कळ शाळांचा शेवटचा वर्ग आठवी हाच आहे. त्यामुळे तेथील आठवीच्या शिक्षकाकडे गणित आणि भाषा यांबरोबरच आणखी एक जबाबदारी येते. समोरचे मूल शाळा सोडून जाण्यापूर्वी, ‘तू कोण आहेस आणि तू काय मानतोस?’ या प्रश्नाला सामोरे जाण्यास त्याला तयार करायचे असते. त्या पंथाची तत्त्वे कोणास पटोत वा न पटोत. तेराव्या वर्षी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, एवढे त्यांनी नेमके हेरले आहे.

नागपूरचा या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे. १८४२ मध्ये गॉसनर या जर्मन धर्मोपदेशकाने पाठविलेले मिशनरी अमरकंटकजवळच्या करंजिया येथे गोंडांमध्ये वस्ती करून राहिले. साथीच्या रोगाने त्यांच्यापैकी काहींचा बळी घेतला आणि उरलेल्यांतील काही नागपूरकडे वळले. तेथे १८४५ मध्ये स्कॉटलंडहून स्टीफन हिस्लॉप आले होते. हिस्लॉप ल्यूथरपंथीय नव्हते. ते स्कॉटिश फ्री चर्चचे. पण मार्ग तोच होता, शाळेचा. नागपुरात भोसल्यांची सत्ता असतानाच, १८४६ मध्ये, त्यांनी शाळा सुरू केली आणि तिच्याच परंपरेतून १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले. पुढे स्वीडनच्या ल्यूथरपंथीय मिशनने सागर, बैतूल, छिंदवाडा या भागात काम केले. त्यांपैकी छिंदवाडा नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवर असून, १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याचीही राजधानी होती. तेथील ल्यूथरपंथीय चर्चचे मुख्यालय आजही छिंदवाड्यातच आहे.

हिस्लॉप यांच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. हा मनुष्य वर्गाबाहेर विदर्भाचे खडक फोडत होता, जीवाश्म गोळा करीत होता आणि गोंडांची लिंगोगाथा लिहून घेत होता. एका खनिजास त्यांचे नाव आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. गोंडांविषयीचे त्यांचे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यांचा अंतिम हेतू धर्मांतराचा होता, हे त्यांनी कधी लपविले नाही. परंतु ज्या भूमीत शिकवायचे, ती भूमी आधी जाणून घ्यायची, ही त्यांची शिस्त होती. विदर्भात जन्मलेल्या आणि विदर्भातच शिकवणाऱ्या किती शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना टाकळघाटची ती शिलावर्तुळे दाखविली आहेत?

मिशनच्या शाळा-महाविद्यालयांत शिकले म्हणजे हिंदू मुलगा हातचा गेला, ही भीती नागपूरच्याच एका विद्यार्थ्याने खोटी ठरविली. संघाचे द्वितीय सरसंघचालक माधव सदाशिव गोळवलकर हे इंटरमीजिएटपर्यंत हिस्लॉप महाविद्यालयात शिकले आणि १९२४ मध्ये तेथून बाहेर पडून बनारसला गेले. गार्डिनर नावाचे प्राध्यापक बायबल शिकवीत असताना त्यांनी दिलेला एक संदर्भ चुकला. माधवने उठून तो दुरुस्त केला. ग्रंथ मागवून पाहिला, तेव्हा विद्यार्थीच बरोबर निघाला आणि प्राध्यापकांनी त्याची पाठ थोपटली, अशी आठवण चरित्रग्रंथांतून सांगितली जाते. या प्रसंगात दोघेही मोठे दिसतात. ज्या ग्रंथाशी आपली श्रद्धा निगडित नाही, तोही मन लावून वाचणारा विद्यार्थी मोठा. आणि भर वर्गात झालेली दुरुस्ती आनंदाने स्वीकारणारा शिक्षकही मोठा.

याहून बोलके उदाहरण तंजावरच्या मराठी राज्यात सापडते. नागपूरच्या भोसल्यांशी केवळ आडनावाने जुळणारे हे घराणे शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांचे. तेथील तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी, सरफोजी नावाच्या मुलास दत्तक घेतले. मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. राजांनी त्याला ज्यांच्या हाती सोपविण्याचे मनात आणले, ते होते ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ, ल्यूथरपंथीय जर्मन मिशनरी. १७०६ मध्ये तरंगंबाडीस सुरू झालेल्या मिशनमध्ये १७५० साली ते आले आणि उरलेले सारे आयुष्य दक्षिणेतच राहिले. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी या भाषांबरोबर त्यांनी मराठीही शिकून घेतली. हैदरअलीसारखा शत्रूही ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवी, असा हा माणूस होता. श्वार्ट्झ यांनी पालकत्व नाकारले आणि राजांचे बंधू अमरसिंग यांच्याकडे कारभार द्यावा, असे सुचविले. पुढे अमरसिंगांनी गादी बळकावली आणि दत्तक मुलाच्या शिक्षणाची हेळसांड झाली. तेव्हा श्वार्ट्झ यांनीच कंपनी सरकारकडे दाद मागितली. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथे गेरिके या दुसऱ्या ल्यूथरपंथीय शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. त्या वेळी त्यांना सोळावे वर्ष चालू होते.

पोरका मुलगा, परके शहर, संपूर्ण उपकारकर्ता असलेला परधर्मीय गुरू. धर्मांतरास याहून अनुकूल परिस्थिती कोणती? आणि तरीही १७९८ मध्ये जो राजा गादीवर बसला, तो हिंदूच होता. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजाच्या हाती तंजावरचा किल्ला व शहर यांपलीकडे फारसे काही उरले नाही. तेव्हा या राजाने आपले शिक्षण कामी लावले. त्याने नवविद्या शिकवणारी शाळा काढली आणि अन्नछत्रांशेजारी अनेक भाषांच्या शाळा चालविल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांची भर घातली. देवनागरीचा छापखाना घातला आणि त्यातून १८०६ च्या सुमारास इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून निघाला. भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात मराठी शिलालेखाच्या रूपाने कोरवून घेतला. १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि येताना हस्तलिखिते आणली. याच राजाने आपल्या ल्यूथरपंथीय गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसविले आणि त्यासाठी इंग्रजीत स्वतः कविता रचली. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरलेला राजा त्या शिल्पात आजही पाहावयास मिळतो.

सरफोजीराजांच्या चरित्राचे इंगित कशात आहे? गुरूचे ऋण त्यांनी उघडपणे मानले आणि गुरूचा धर्म घेतला नाही. घेतलेल्या विद्येचे त्यांनी मराठीत, आपल्या प्रजेसाठी, आपल्या देवळाच्या भिंतीवर रूपांतर केले. हे घडले, कारण पहिली नऊ-दहा वर्षे त्यांच्या कानांवर घराण्याचा, देवधर्माचा आणि मायबोलीचा संस्कार झाला होता, आणि मद्रासलाही तुळजाजीराजांच्या राण्या त्यांच्या सोबत होत्या. मुळे ओलाव्यात असली, म्हणजे फांदीने कोणत्याही दिशेचा प्रकाश घ्यावा. मुळेच सुकली असतील, तर कुंडी कोणत्या अंगणात ठेवली याने काय फरक पडतो?

या पार्श्वभूमीवर आजच्या नागपूरकर पालकाकडे पाहावे. मिशनच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तो शिफारशी शोधतो, देणगीची तयारी ठेवतो, आणि प्रवेश मिळाला की पेढे वाटतो. पुढे तेच मूल आठवीत आल्यावर घरी प्रश्न विचारते, तेव्हा त्याला उत्तर मिळते ते असे : ‘आधी गणिताचा पेपर दाखव.’ शाळेत सकाळची प्रार्थना होते, घरात दिवेलागणीचा परवचा बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. मग एखाद्या दिवशी मुलाने परधर्माची प्रशंसा केली, की हाच पालक शाळेच्या नावाने बोटे मोडतो. प्रश्न शाळेने विचारला आणि घराने विचारला नाही, यात शाळेचा अपराध किती आणि घराचा किती?

याचा अर्थ सावध राहू नये, असा मुळीच नाही. नागपूर राजधानी असताना, १९५४ मध्ये, मध्यप्रदेश शासनाने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाला. शाळा आणि रुग्णालये यांचा धर्मांतरासाठी होणारा वापर समितीने निदर्शनास आणला, हे अनेकांना पाठ आहे. ख्रिस्ती संघटनांनी त्या निष्कर्षांना तीव्र विरोध केला, हेही ठाऊक आहे. मात्र त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट सांगितली होती : वनवासी आणि मागास समाजाला शिक्षण, आरोग्य आदी सेवा पुरविणे ही राज्याची जबाबदारी आहे आणि त्या सेवा लवकरात लवकर पुरेशा प्रमाणात उपलब्ध झाल्या पाहिजेत. अहवालाचे पहिले पान उच्चरवाने वाचणाऱ्यांनी हे पानही वाचावयास हवे होते. ज्या गावात आपली शाळा नाही, तेथे दुसऱ्याची शाळा का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार उरत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने पालकालाही हक्क दिला आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील अज्ञान विद्यार्थ्याला, पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. हा हक्क किती पालकांना माहीत आहे? माहीत असणाऱ्यांपैकी किती जणांनी शाळेत जाऊन, शांतपणे, दोन ओळींचे पत्र दिले आहे? तक्रार खरी असेल तर ती लेखी द्यावी, कायद्याने तडीस न्यावी. ऐकीव गोष्टींवर शाळेच्या दारात घोषणा देऊन त्याच शाळेतील तेरा वर्षांच्या मुलांना भयभीत करणे, हे कोणत्याही धर्माचे रक्षण नव्हे.

खरे काम याहून अवघड आहे. घोषणा द्यायला पाच मिनिटे पुरतात. आठवीला वर्षभर शिकवायला माणूस लागतो. नागपुरात न्यू इंग्लिश, सोमलवार, हडस अशा शाळांची नावे घराघरांत गेली, ती तेथील शिक्षकांमुळे. आज राष्ट्रीय वृत्तीने चालविलेल्या शाळा गावोगाव आहेत, इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण त्यांतील आठवीच्या वर्गावर आपला सर्वोत्तम शिक्षक उभा आहे का, हे संचालकांनी स्वतःस विचारावे. शिक्षक पात्रता परीक्षेची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात अधोरेखित केली आहे. परीक्षेने विषयज्ञानाची किमान खात्री पटेल. तेरा वर्षांच्या मुलाचा उद्धट वाटणारा प्रश्न न चिडता ऐकून घेण्याची क्षमता मात्र कोणत्याही परीक्षेत मोजली जात नाही. ती संस्थेला माणूस निवडताना पारखावी लागते. बुद्धिमान तरुण-तरुणींनी काही वर्षे तरी शिक्षकी पेशा पत्करावा, असे वातावरण घडविण्यास कार्यकर्त्यांच्या कुटुंबांनीच आरंभ केला पाहिजे. जर्मनीतून आलेला श्वार्ट्झ अठ्ठेचाळीस वर्षे परत गेला नाही. धरमपेठेतील पदवीधराला गडचिरोलीच्या शाळेत दोन वर्षे काढणे जड का जावे?

आणि घर? त्यासाठी परक्यांकडे पाहण्याचीही गरज नाही. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, ज्ञानाच्या अहंकाराने ताठ होऊन परतला. तेव्हा त्याचे पिता उद्दालक यांनी त्याचे गुण विचारले नाहीत. जे जाणल्याने न जाणलेलेही जाणले जाते, ते तू गुरूंना विचारलेस का, असा प्रश्न त्यांनी केला; आणि मुलापाशी उत्तर नाही हे पाहून वटवृक्षाचे फळ फोडायला लावून, पाण्यात मीठ विरघळवायला लावून, ते स्वतः शिकवावयास बसले. शिकलेल्या मुलाला प्रश्न विचारणारा आणि उत्तरासाठी त्याच्याजवळ बसणारा पिता हा आपल्याच परंपरेचा वारसा आहे. ल्यूथरच्या प्रश्नोत्तरावलीच्या शतकानुशतके आधी तो येथे होता.

या वर्षी ज्या घरातील मूल आठवीत गेले असेल, त्या घराने आठवड्यातील एक तास तेवढा बाजूला काढावा. त्या तासाला दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद असावेत. मुलाने काहीही विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी, माहीत असेल ते सांगावे, माहीत नसेल ते मुलाबरोबर शोधावे. ज्ञानेश्वरीतील चार ओव्यांचा अर्थ लावावा, आपल्या सणांमागचे कारण शोधावे, आपल्यातील अस्पृश्यतेसारख्या पापाविषयीही आडपडदा न ठेवता बोलावे. ख्रिस्ती मित्राच्या घरी नाताळला जायचे असेल, तर मुलाला आनंदाने पाठवावे, आणि परतल्यावर काय पाहिले ते विचारावे. अशा घरातील मुलगा कोणत्याही शाळेत शिकला, तरी सरफोजीराजांप्रमाणे गुरूला वंदन करील आणि आपल्या देवळाकडे परत येईल. तेराव्या वर्षी मूल प्रश्न विचारणारच आहे. त्याचे उत्तर द्यायला घरातील कोणी तयार आहे की नाही, हे याच वर्षी ठरावयाचे आहे.